खोट्या नावाचा खेळाडू

विगन, रविवार

बाबा,

तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली, तरी आज लिहिल्यावाचून राहवेना! तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून इथं इंग्लंडात, पैसे घेऊन खेळायच्या रग्बी लीगचा पहिला सामना मी खोट्या नावानं खेळलो. तरी कळलंच. "पैशासाठी खेळतोस? आपल्याकडं रग्बी बिनपैशाचीच खेळतात. वेल्सला परत येऊ नकोस," म्हणालात.

सोळा मोसम खेळलो. आता त्याच मैदानाचं गवत राखतो. आज म्हाताऱ्या फाटकवाल्या क्लिफर्डनं तुमचा फोटो पाहिला आणि ओरडलाच, "अरे इड्रिस, हा तर दर मोसमात यायचा! तू चेंडू घेऊन पळालास की टोपी उडवायचा. नाव विचारलं की दरवेळी नवंच!"

लबाड कुठले! मी एकदाच खोटं नाव घेतलं, बाबा. तुम्ही सोळा वेळा!

तुमचाच,
इड्रिस