किल्ली ज्याच्याकडे, सही त्याची

१९ फेब्रुवारी

चिंगे,

अनेक आशीर्वाद. ‘तुम्ही सगळी खुशाल असाल’ असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण तुमच्या घरात सध्या कोण किती खुशाल आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य गाळतो. माझी बरगडी सांधते आहे. शिंक आली की जीव जातो, एवढंच.

परवा फोनवर तू ओरडलीस, “त्या बँडमध्ये तुझ्या एकट्याचं असं होतं तरी काय रे दादा?” आणि फोन आपटलास. उत्तराला जागा ठेवली नाहीस, म्हणून लिहून देतो. माझ्या हातांनी झालेल्या वस्तू अशा: स्पीकरची दोन खोकी, अठरा मिलिमीटर प्लायवूडची, एकही खिळा न मारता, सगळे सांधे खाचेत बसवलेले. एक अँप्लिफायर, त्याचा ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळला, दोनदा जळला, तिसऱ्यांदा जळला नाही. तुझ्या नवऱ्याची बेस गिटार, दांड्यापासून खुंट्यांपर्यंत. तालमीच्या खोलीच्या भिंतींवरचं लोकरीचं अस्तर (लोक अंड्यांचे ट्रे ठोकतात, त्याने काडीचाही फरक पडत नाही). व्हॅनमधली बाकं. व्हॅनचं बाजूचं सरकतं दार, कारण मूळचं गंजून पडलं होतं. आणि एकेचाळीस गाणी, शब्द माझे, चाल माझी. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही.

तुझा नवरा उत्तम वाजवतो, ते मी कधी नाकारलं नाही. ‘खर्ज्या’ हे नाव मीच दिलं त्याला, कारण त्याचा खालचा सूर लागला की खिडकीच्या काचा बोलायच्या. पण वाजवणं वेगळं आणि गाणं करणं वेगळं.

आता झालं काय ते. मी न्हाव्याकडे बसलो होतो, अर्ध्या गालाला साबण. वर टीव्ही. उंदराच्या औषधाची जाहिरात लागली. एक उंदीर पाय झाडतो, दुसरा तोंडातून फेस काढतो, बायको नवऱ्याला टाळी देते. आणि मागे गाणं आपलं, चिंगे. आई दवाखान्यात होती तेव्हा मी केलेलं, तू आणि मी तिच्या उशाशी म्हटलेलं. न्हावी म्हणाला, “चाल झकास आहे, नाही?” मी उठलो तेव्हा त्याचा वस्तरा माझ्या कानाखाली होता. त्या खुणेबद्दल तू विचारलंस, ती ही.

तसाच म्युझिक कंपनीत गेलो. तिथल्या वकीलबाईंनी न चिडता चार पानं पुढे ठेवली. गाण्यांचे शब्द, चाली आणि रेकॉर्डिंग, तिन्हीचे सगळे हक्क कंपनीचे, कायमचे. एकरकमी बावीस हजार, आणि पुढच्या उत्पन्नातला खर्च वजा जाता दहावा हिस्सा. खर्च किती, ते कंपनी ठरवणार. खाली बँडच्या वतीने सही: तुझा नवरा.

मी बाईंच्या टेबलावरची काच फोडली. तिच्यासाठी दोन पहारेकऱ्यांनी मला जिन्यावरून खाली ढकललं आणि खाली आल्यावर पुन्हा पोटात लाथा घातल्या. बरगडी तिथली. तक्रार नाही; काच महागाची होती.

तिथून तालमीच्या खोलीवर गेलो. त्या दुपारी गिटार फुटली. मग खर्ज्या व्हॅन घेऊन आला, बोलाचाली झाली, आणि ते दार निसटलं. बोटं मध्ये आली. दवाखान्यात त्याला मीच नेलं, हे विसरू नकोस.

औषधं वेळेवर देत जा त्याला.

दादा


८ मार्च

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. एवढं लहान पत्र तू आयुष्यात लिहिलं नसशील. ‘तुझ्याकडे सगळं आपोआपच होतं रे. गिटार फुटते, दार निसटतं. तू कुठे होतास?’ आणि खाली, विम्यासाठी गॅरेजवाल्याने काय लिहून दिलं ते: ‘अकुशल माणसाने बसवलेले सदोष दार.’

खरं सांगतो. वाचल्यावर आधी मस्तक फिरलं ते ‘सदोष’ या शब्दाने. खर्ज्याची बोटं मला नंतर आठवली. असा भाऊ आहे तुझा, हे तुला माहीत असलेलं बरं.

ते दार सदोष नाही. वरच्या पन्हळीला रबराचा थांबा आहे, खालची चाकं जड आहेत. उतारावर गाडी उभी केली तरी ते दार जागचं हलत नाही. ते बंद करायला हात लागतो. जोर लावावा लागतो.

मी होतो तिथे. मी लावला जोर.

आता सगळं क्रमाने लिहितो.

गिटार मी फोडली. हातोडीने. खोलीत ड्रमवाला टोल्या एकटा बसून कातडी ताणत होता. पहिल्या घावाला त्याला वाटलं मी काहीतरी दुरुस्त करतोय. दुसऱ्या घावाला दांडा उडाला तेव्हा तो मागून येऊन मला लोंबकळला. मी कोपर मारलं. त्याचा ओठ फाटला, दात गिळला म्हणे. “अरे, डोकं फिरलंय का तुझं!” म्हणत तो रक्त थुंकत होता आणि मी तारा उपटत होतो. एक तार तळहातात घुसली, तेही मला बाहेर आल्यावर दिसलं.

तेवढ्यात व्हॅन आली. खर्ज्या उतरला, बाजूचं सरकतं दार उघडून स्पीकर काढायला लागला. शीळ वाजवत होता, चिंगे. तेच आईचं गाणं. त्याला जाहिरातीचं काही ठाऊकच नव्हतं.

मी विचारलं, “कागदावर सही कुठे केलीस?”

“कुठला कागद?”

“कंपनीचा. चार पानं.”

त्याने आठवायला वेळ घेतला. म्हणाला, “हां, तो मागच्या गेटवरचा? कार्यक्रम झाल्यावर एकाने गेटपासांबरोबर दिला होता. बॉनेटवर ठेवून केली की. किल्ली माझ्याकडे होती ना.”

“वाचलास?”

“मी कधी वाचतो? तू तरी कधी वाचू दिलंस? बावीस हजार रोख दिले, मला वाटलं बिदागी. गिअरबॉक्सला लावले. तुला सांगितलं होतं.”

सांगितलं होतं त्याने. मी म्हणालो होतो, “बरं केलंस.”

हा किल्लीचा प्रकार तुला माहीत नसेल. आम्ही हॉलच्या मागच्या दाराने आत जायचो, तेव्हा सतरा कागद पुढे यायचे: माइक घेतल्याची पावती, गेटपास, आगाऊ रकमेची पोच. मला कागदाचा तिटकारा. मी गाणी करणारा माणूस, मी कारकुनी का करू? म्हणून पहिल्याच वर्षी मी नियम करून टाकला: त्या दिवशी व्हॅनची किल्ली ज्याच्याकडे, सही त्याची, आणि मला विचारायला यायचं नाही. टोल्या तेव्हा हसला होता. “उद्या किल्ली भंगारवाल्याकडे गेली तर?” मी म्हणालो, “तर भंगारवाला करेल सही. मला त्रास नको.” पुढे गाडी खर्ज्याच चालवायला लागला आणि किल्ली त्याच्याकडेच राहिली. इतकी वर्षं तो माझ्याऐवजी सह्या करत होता आणि मी स्टेजवर उभा राहून टाळ्या घेत होतो.

हे मला त्या दुपारी कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच जास्त भडकलो. मी त्याला गळपट्टीला धरून गाडीवर आपटलं. त्याने मला ढकललं, बरगडीवरच. डोळ्यांपुढे अंधारी आली. तोल सावरायला त्याने डावा हात दाराच्या चौकटीत घातला. बोटं मी पाहिली. पाचही. कुठलं बोट कुठल्या पडद्यावर पडतं ते मी त्या गिटारीवर स्वतः मोजून बसवलं होतं. आणि मी दार दोन्ही हातांनी ओढलं.

आवाज सांगत नाही तुला.

  मी दार पुन्हा उघडलं तेव्हा तो म्हणाला, “चिंगीला दार निसटलं म्हणून सांग.” ते खोटं त्याचं आहे. त्याने माझ्यासाठी ते रचलं आणि मी महिनाभर त्याच्या मागे लपलो.

दवाखान्यात जाताना टोल्याही गाडीत होता. रुमालात बांधलेलं बोटाचं टोक तो धरून बसला होता. ते जोडता आलं नाही. अंगठीचं बोट यापुढे वाकणार नाही, हे डॉक्टरांनी मला आधी सांगितलं आणि तुला नंतर, कारण मी भाऊ म्हणून पुढे झालो होतो.

हे पत्र तू पोलिसांना दाखवायचं तर दाखव. विमेवाल्यांना नको दाखवू. पैसे बुडतील, आणि ते बोटांचे आहेत, माझे नव्हेत. नाही, दाखव त्यांनाही. मला खोट्याची सवय लागायला लागली आहे.

आता तू पत्राच्या शेवटी जे विचारलंस: ‘एकच सांग. त्यांना तुरुंगात घालायचा तो कागद तू करून देणार आहेस का?’

टोल्याने तुला अर्धवट सांगितलं, ते मी पुरं करतो. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस माझ्या खोलीवर आला होता. जाहिरातीमुळे गाणं तोंडातोंडी झालंय आणि त्यांना सगळी गाणी हवी आहेत. पहिला करार मोडल्याशिवाय ती मिळणार नाहीत. तो मोडायचा उपाय त्यांच्या वकिलाने शोधून ठेवलाय. मी शपथेवर लिहून द्यायचं की सही करायचा अधिकार मी कधीच, कोणालाही दिला नव्हता, आणि खर्ज्याने मला फसवून पैसे खाल्ले. पोलिसांत तक्रारही मीच करायची. टोल्याने साक्ष द्यायची. मी आणि टोल्या त्याच्या ऑफिसात गेलो, तेव्हा वकील पेन फिरवत म्हणाला, “दीड-दोन वर्षं आत जातील. आणि फसवल्याच्या रागात तुमचा हात उठला, असं म्हटलं की बोटांचंही कोणी फार विचारणार नाही.” तुझ्या नवऱ्याची बोटं त्याने टेबलावरचा कचरा झटकावा तशी झटकली. मी त्याचं पेन काढून घेतलं आणि मोडलं. फक्त पेन. उठून उभा राहिलो होतो, पण फक्त पेनच मोडलं.

टोल्याला आपला हिस्सा दिसतोय. तो बाहेर जिन्यात माझ्यावर धावून आला. “बोटं मोडताना लाज वाटली नाही आणि खोटं बोलायला वाटते? एक सही कर! जन्मात एक तरी सही कर!” मी हात खाली ठेवले. त्याने दोन लगावल्या. दोन्ही नीट बसल्या.

मी खर्ज्याला माफ केलंय असं समजू नकोस. चार पानांवर बॉनेटवर सही करणारा माणूस मूर्खच. पण किल्ली मी दिली, आणि वाचू नकोस हेही मीच सांगितलं. पहिल्या कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या की इतक्या सह्यांना तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत, म्हणजे अधिकार तुम्हीच दिलेला. त्या बाईंचं एक अक्षर चुकीचं नाही. गाणी गेली. उंदीर अजून महिनोन्‌महिने मरत राहतील आणि मी टीव्ही असलेल्या न्हाव्याकडे जाणार नाही.

काल वकिलाला उत्तर दिलं. देऊ केलेलं असं होतं: एकेचाळीसही गाण्यांची मालकी परत माझ्या नावावर, प्रत्येक गाण्यावर शब्द आणि चाल म्हणून माझं नाव, उत्पन्नाचा निम्मा वाटा हयातभर आणि माझ्यामागे माझ्या वारसांना, म्हणजे तुला. शिवाय शपथपत्रावर सही झाली की त्याच दिवशी, एकरकमी, पंचेचाळीस लाख. मी नको म्हणालो.

जिला मी चिंगी म्हणत आलो तिचा, अजून चालत असेल तर,

दादा