मिस्टर अहो

३ ऑक्टोबर, दुपार

पोचलो एकदाचे! मुलाच्या या परक्या देशातलं, तळ्याकाठचं हॉटेल. गॅलरीसमोर बर्फाचे डोंगर, आणि पलंगावर उशांचा आणखी एक डोंगर — झोपायचं कुठे? सून म्हणाली, आई, देखावा तरी बघा. कसला देखावा! माझं सगळं लक्ष यांच्यावर. पोस्टात होते तेव्हा अख्ख्या गावाचे पत्ते यांना तोंडपाठ. आता बाथरूम समजून कपाटाचं दार उघडतात.

मुलाला अजून काही सांगितलेलं नाही. वर्षातून एकदा भेटायचं, त्यात हे रडगाणं कशाला? गावच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय — हे विसरणं वाढतच जाणार. जाऊ दे. बाकी सगळं विसरले तरी चालेल, मला तेवढं विसरू नयेत. दुसरं काही मागत नाही.

एक गंमत झाली. काउंटरवरच्या मुलीने नातीला आजोबांचं नाव विचारलं. कार्टी म्हणते, "अहो!" फोनवर माझ्या तोंडून तेच ऐकत आलीय ना. ती मुलगी लगेच यांना 'मिस्टर अहो' म्हणाली. हेसुद्धा हसले, अगदी खळखळून. मी बघतच राहिले.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ

जेवताना चमचा हातात धरून नुसते बसून राहिले. मुलाची नजर चुकवून दोन घास भरवले. त्याने पाहिलं असावं.

४ ऑक्टोबर

 

सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर खोलीचं दार सताड उघडं, हे नाहीत! जिना, जेवणाची खोली — कुठेच नाहीत. बाहेर धुकं, आणि त्यात ते मेलं तळं. कुणाला काय विचारणार? भाषा येत नाही. काउंटरवर जाऊन "अहो, अहो" करत नुसते हात हलवत राहिले. पण त्या मुलीला कळलं! तिने मुलाला फोन लावला आणि कॉम्प्युटरमध्ये बघून लाउडस्पीकरवर यांचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, मोडकंतोडकं. मी उभ्या जन्मात जे तोंडाने घेतलं नाही, ते तिथे सगळ्या बागेत घुमलं. एकदा, दोनदा. कुणी आलं नाही.

तोवर मुलगा धावत आला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या मुलीच्या हातून माइक ओढून घेतला.

"अहो! अहो, मी इथे आहे. वर या."

आले! तळ्याकडच्या पायऱ्या चढून, पायांत हॉटेलच्या पांढऱ्या सपाता, चिंब भिजलेल्या. लाउडस्पीकरच्या खांबाखालीच बसले होते म्हणे. स्वतःचं नाव ऐकून हलले नाहीत. वर मलाच रागावले.

"अगं, हळू बोल की. सगळी दुनिया ऐकतेय."

रडू यायला हवं होतं, मला हसूच आलं. नाव गेलं तर गेलं. 'अगं' म्हणाले!

 गाडीत सामान भरताना मुलगा म्हणाला, "आई, कधीपासून?" मग सगळं सांगून टाकलं. तो डिकीला टेकून लहानपणी रडायचा तसा रडला. त्याची समजूत मीच काढली. म्हटलं, अरे, मला ओळखतात ना, मग मी निभावून नेईन.

५ ऑक्टोबर

मुलाच्या घरी परत. सकाळी यांना चहा नेऊन दिला. कप घेतला, अंग चोरून जरा बाजूला सरकले, आणि फार अदबीने म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

मला म्हणाले.