आईचा पाचू निसटू नये म्हणून

जयपूर, शुक्रवार

परमपूज्य सायरजीजी,

धाकट्या भावाचा, चांदमलचा, पायांशी वाकून धोक घे. इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे अजून जोधपूरच्या जिन्यांना शिव्या देतात का, ते कळव. जीजाजींना (जागे असतील तर) नमस्कार.

आईचा पाचू थोरली म्हणून तुला मिळाला आणि त्याची ‘जन्मात हलणार नाही अशी’ अंगठी करून घ्यायचं काम धाकटा म्हणून मला. त्यात जोशीजींची अट: बुधाचा खडा आहे, कातडीला टेकायला हवा, तेव्हा खालून उघडा ठेवा. म्हणजे पक्का धरायचा, पण खालून झाकायचा नाही. जोहरी बाजारातले आपले खडे बसवणारे हाफिजजी म्हणाले, “मग जोशीजींनाच सांगा, खालून धरून बसा.”

मी आधी चार नख्यांची बैठक पसंत केली, म्हणजे सोन्याचे चार बारीक आकडे खड्याला वरून धरतात. उजेड छान खेळतो. पण तू रोज बाजरी मळणार, भांडी आपटणार (जीजाजींच्या पाठीतले धपाटे वेगळे), तेव्हा परीक्षा घ्यायला नको? म्हणून अंगठी मीच करंगळीत घातली. पहिल्याच दिवशी एक नखी पतासीच्या ओढणीत अडकली. ओढणी फाटली; बायको मला काय काय बोलली ते लिहीत नाही. नखीही वाकली होती, ते मात्र कुणी पाहिलं नाही. रविवारी पतासीच्या माहेरची माणसं जेवायला होती म्हणून मी चुरम्याचे लाडू वळले, हात धुतले, आणि बघतो तर अंगठीत नुसतं भोक!

सगळ्यांना लाडू फोडून, चाचपून खायला लावले. सासरे म्हणाले, “दाताखाली काय येणार आहे?” मी म्हटलं, “वेलदोडा.” (पाचू म्हटलं असतं तर कुणी चावला नसता, थेट गिळला असता.) शेवटी पतासीच्याच लाडवात निघाला. “माझ्या ताटातला, म्हणजे माझा,” म्हणाली. नवी ओढणी देऊन सोडवला.

आता हाफिजजींनी सोन्याची कड चहूबाजूंनी खड्यावर दाबून बसवली आहे. खाली काठापुरता आधार, मधे उघडं, म्हणून जोशीजीही गप्प. पाचू ठिसूळ, कोपरे उडतात, कडच बरी, हे हाफिजजींनी आधीच सांगितलं होतं म्हणे. असेल. पुन्हा घालून पाहिली: कणीक मळली, कढई घासली, स्कूटर पुसली. खडा हलत नाही.

तुझा,
चांदमल

ता. क. आता अंगठीही बोटातून हलत नाही. पतासी म्हणते साबण लावा.

आणखी ता. क. साबण लावलेला नाही. कणीक मळताना हिरवा ठिपका हलतो ना, तेव्हा आईचाच हात दिसतो जीजी. तुझ्याकडे तिचं नाक आहे, आवाज आहे, रागसुद्धा आहे. माझ्याकडे काहीच आलं नाही. वर्षभर राहू दे माझ्याकडे, मग पाठवतो.

शेवटचं. पाठवणार नाही. तू पाठवलेला तुझ्या बोटाच्या मापाचा दोरा अजून पाकिटातच आहे. हाफिजजींपुढे मापाला मी पहिल्या दिवशीच माझी करंगळी धरली होती.