रडका साहेब आणि माझी रजा

प्रिय राणीसरकार,

मी मजेत आहे, खोकलाही गेला. तुझ्या पायांची सूज उतरली का? थोरली धाकटीला झोडपत नाही ना?

तिसऱ्या बाळंतपणासाठी रजा मागितली, तर आमचा साहेब म्हणतो, "दोन झालीत की आधी! तू जाऊन काय करणार?" मठ्ठ माणूस! स्वतःच्या बुटाची नाडी दुसऱ्याकडून बांधून घेतो आणि बाळंतपणावर बोलतो.

पण छावणीतला शनिवारचा सिनेमा मी निवडतो. मुद्दाम असा लावला, ज्यात सैनिक सीमेवर अडकतो आणि घरी त्याचं बाळ जन्मतं. भिकार सिनेमा! लढाईभर नायकाच्या कपड्यांची इस्त्री मोडत नाही. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. साहेब मात्र हुंदके देत होता.

दिवे लागताच मी अर्ज पुढे केला.

"बिचाऱ्याला रजा द्यायला हवी होती रे," तो नाक पुसत म्हणाला.

"मलाही हवीय, साहेब."

त्याने तिथेच सही केली. खऱ्या बाळासाठी याला आधी खोटं बाळ दाखवावं लागलं!

खरं सांगू? ते खोटं बाळ रडलं तेव्हा मीही अंधारात डोळे पुसले. हे कुणाला सांगू नकोस.

मंगळवारी पोहोचतो. बाळाला तेवढा धीर धरायला सांग.

तुझाच,
सिनेमावेडा