कातळावर धरलेला घोटा

बाई, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती आज लिहितेय.

नववीतल्या आम्ही अकरा मुली. पायऱ्यांची वाट सोडून बडोद्याजवळच्या पावागडच्या मागच्या अंगाने आम्हाला चढवायचं तुम्ही ठरवलंत. माझे बाबा रिफायनरीत कामाला, "मुलीच्या जातीला हे उद्योग कशाला?" म्हणून अडून बसले. तुम्ही शहरातल्या फतेगंजहून सायकलने आमच्या घरी आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "घाबरते, म्हणूनच नेतेय तिला."

कमरेला दोर बांधलेला होता, तरी कातळाच्या अरुंद पट्टीवर माझे पाय थिजले. खाली झाडांचे शेंडे दिसताहेत. पुढे करजण गावाहून शाळेत येणारी माझी मैत्रीण. ती वळून तिच्या गुजरातीत म्हणते, "बीश नहीं, हुं छुं ने!" घाबरू नकोस, मी आहे ना. तेवढ्यात माझ्या बुटाखालचा दगड सुटतो आणि मी तिचा घोटा घट्ट धरते. ती घसरली. दोराने तिला तोललं, पण मनगट कातळावर आपटून मोडलं. तुम्ही कुणावर ओरडला नाहीत. ओढणीची झोळी करून तिचा हात गळ्यात बांधलात आणि मला म्हणालात, "आता तू पुढे. पाऊल आधी तू टाकायचं, मग तिला सांगायचं."

"बाई, मला नाही जमणार."

"रडत रडत सांग. पण सांग."

"इथे डावा पाय... हा दगड हलतोय," असं हुंदके देत सांगत मी दोन तास उतरले. माझ्या शब्दावर दहा जणी पाय टाकत होत्या. पायथ्याच्या एसटीडी बूथवरून तिच्या घरी फोनही मीच लावला.

सोमवारी मुख्याध्यापिकांसमोर ती म्हणाली, "माझाच पाय घसरला." तुम्ही म्हणालात, "चूक माझी, नको त्या वाटेने नेलं." मी दाराशी उभी. खरं न सांगताच मी वर्गात परतले. मुलींचं डोंगरावर जाणं शाळेने बंद केलं. तुम्ही मला कधीच काही विचारलं नाहीत. मी तिचा घोटा धरलेला तुम्ही पाहिला होतात का, हे मला अजून माहीत नाही.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा विचारलंत, "चढतेस ना गं अजून?" मी "हो" म्हटलं. खोटं होतं ते. गेल्या रविवारी माझी लेक मैत्रिणींबरोबर गडावर गेली. संमतीच्या कागदावर सही मीच केली. पायथ्याशी सोडायला गेले, तर म्हणाली, "आई, चल ना तूही." मी म्हटलं, गुडघा दुखतोय.

बाई, गुडघ्याला काही झालेलं नाही.