पामुलाचे नऊ खडे

२९ जून २०२५, रविवार. गडचिरोली

काठीत! माझे शक्तीचे आठ खडे भरून झाले, आणि आता म्हणे जादूगाराने ते काठीत खोचायचे असतात! कुलदीपच्या खेळाच्या छापील नियमपुस्तकात तसं चित्र आहे — दाढीवाला म्हातारा, हातात काठी, टोकाला चमकता खडा. मी म्हटलं, अरे, काठी हिसकावली की खेळ खलास! जंगलात जीव वाचवत फिरणारा माणूस आपली ताकद अशी मिरवत हिंडेल का? आमच्याकडे बाईमाणूस जपायची वस्तू कनवटीला लावतं. माझी जादूगारीण पामुला कनवटीलाच लावणार.

"पुस्तकात तसं नाई लिवलं ना," कुलदीप. गोष्ट तो सांगतो, आम्ही तिघं आपापलं पात्र घेऊन फासे टाकतो. त्यामुळे शब्द त्याचाच शेवटचा.

"पुस्तक लिहिणारा लुगडं नेसत होता काय?"

खुशबूला हसू आवरेना. तासभर भांडले, तेव्हा कुठे त्याने वहीत नियम लिहिले. खडा अंगाला लागून हवा. ज्याने भरला त्याने दिला, तरच दुसऱ्याच्या हातात चालेल. आणि एक मी हट्टाने घालायला लावला — जादूगार बेपत्ता झाला, तर सोबती एका खड्यावर एक दिवस त्याचा जीव धरून ठेवू शकतात.

"अन् खडे सरले त?" दिनेशला नेहमी फाटे फोडायचे असतात.

"मंग कोनाचा तरी जीव लागन," म्हणत कुलदीप चहा टाकायला गेला.

६ जुलै, रविवार

नववा खडा भरला! खडा भरायचा तर त्या रविवारी अजिबात जादू करायची नाही, ती ताकद खड्यात जाते. म्हणजे नऊ रविवार हे लोक राक्षस मारत होते आणि मी मुरमुरे खात बसले होते. तेही मला महिन्यातून एक-दोनच रविवार मिळतात. खडे खरेखुरे आहेत, मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी वेचलेले. भरला की लाल नेलपॉलिश लावायचं, वापरला की रिमूव्हरने पुसायचा.

आणि आज दिनेश काय म्हणतो — "एक दे ना यार, माह्या ढाण्याच्या तलवारीले." ढाण्या म्हणजे त्याचा योद्धा. तीन वर्षं जपलाय त्याला, तेवढं स्वतःच्या बाईकलाही जपत नाही. मी खडा काढला, त्याच्या नाकासमोर धरला आणि परत बटव्यात टाकला. बसून राहायचं मी, आणि तलवार तापणार याची! नाही म्हणजे नाही.

कामाच्या चिखलात हरवायला नको म्हणून बटवा खुशबूकडे दिला. शपथ घातली — कोणाला हात लावू द्यायचा नाही.

७ जुलै

भामरागडची बस. रस्ता आहे की थट्टा!

९ जुलै

लस मी मे महिन्यात मागितली होती. आली आज, पावसासोबत! मी पशुधन पर्यवेक्षक आहे, हे साहेबांना नदी भरल्यावरच आठवतं. जीप नाल्याच्या अलीकडे लावून ड्रायव्हर श्रावणभाऊ आणि मी लसीचा डबा घेऊन पायीच पलीकडच्या गावात आलो. संध्याकाळपर्यंत नाला छातीभर. अडकलो.

१४ जुलै

पुढे नदी, मागे नाला, मोबाईलला रेंज नाही. जंगूदादाच्या घरी आहोत. भात, आंबाडीची भाजी, पुन्हा भात. रोज सकाळी मी नाल्याकडे जाऊन येते आणि रोज जंगूदादा सांगतो, "डॉक्टरबाई, पानी जाते आपोआप. तू जेव."

गावातली सगळी गुरं टोचून झाली. एका गोऱ्ह्याने मांडीवर लाथ घातली, त्याचा राग नाही. राग याचा की काल रविवार होता आणि दिनेशची नजर माझ्या बटव्यावर असणार.

१९ जुलै

सुटलो! दुपारी भामरागडला रेंज आली. वरोऱ्याला आईला फोन केला तर ती नुसती रडत राहिली. जीप वाहून गेली म्हणे, तीन किलोमीटर खाली उलटी सापडली. साहेबांचं पहिलं वाक्य — "लेखी खुलासा द्या." कशी आहेस नाही, जेवलीस का नाही!

दिनेशचे एकतीस मिस्ड कॉल. तलवारीला खडा हवा असणार, दुसरं काय. उलटा फोन केलाच नाही. खुशबूला मेसेज टाकला — उद्या येते, बटवा आण.

२० जुलै, रविवार

नऊच्या नऊ! बटवा उघडला तर रिमूव्हरचा वास आणि आत नऊ कोरे गोटे. एकावरही लाल टिपका शिल्लक नाही!

"कोणी वापरले?"

खुशबू उठून चहा टाकायला गेली. कुलदीप म्हणाला, "नियमानंच झालं." कोणत्या नियमाने, ते सांगेना. आणि दिनेश कोरा तक्ता पुढे ओढून नवा योद्धा मांडत बसलेला! जुन्याचा कंटाळा आला असेल स्वारीला. माझी ताकद उधळून झाली, आता नवा गडी!

"जाऊ दे ना रंजीता," म्हणतो. "तू आली ना."

आली ना! म्हणजे काय, आल्याबद्दल उपकार मानू? चोर म्हटलं मी त्याला. तोंडावर. तो नव्या योद्ध्याचे आकडे लिहीत राहिला. लाज कशी ती नाही! खडे टेबलावर ओतले आणि निघून आले.

२२ जुलै

ग्रुप सोडला. साहेबांना खुलासा लिहिला, तिसऱ्यांदा. दिनेशचा फोन नाही. बरंच आहे.

२४ जुलै

खुशबू आली. कुलदीपची वही पुढ्यात ठेवली. म्हणाली, "उलट्या जीपचा फोटो दहा तारखीले आमच्या मोबाईलवर आला. तू आतमंदी होती का नाई, कोनालेच मालूम नाई. मंग रोज सकाळी कामावर जायच्या आंधी आमी कुलदीपकडं बसो. तुले सांगतलं नाई — असं अभद्र तोंडानं बोलू नये ना."

वहीत कुलदीपचं अक्षर.

१० जुलै. रंजीताचा फोन नाही. एक खडा. पामुला जिवंत.

११ जुलै. फोन नाही. एक खडा. पामुला जिवंत.

अठरापर्यंत असंच. मग शेवटची ओळ —

१९ जुलै. फोन नाही. खडे संपले. दिनेशने ढाण्याचा जीव लावला. पामुला जिवंत.