पुनीचा डावा हात

२७ नोव्हेंबर, गुरुवार

धरलं! पुनीनं झेंडूचं फूल धरलं! आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, अंगणात फुलांचा ढीग, मी हार ओवून राहिली होती. पोरगी माह्या मांडीले टेकून बसलेली. हात घातला, फूल उचललं अन् सरळ तोंडात! पाकळ्या थुंकल्या, पुन्हा धरलं. आठवाच महिना हाय नातीले!

अन् कोणत्या हातानं? — डाव्या! ह्यांचाही डावाच होता. ह्यांच्या हाराची गाठ उलट्या बाजूनं बसे. बडनेऱ्याचे गिऱ्हाईक गाठ पाहूनच म्हणत, "हा खुशालरावचा हार." हे गेले तशी ती गाठही गेली. आता आली परत!

२९ नोव्हेंबर

परत डावा!

२ डिसेंबर, मंगळवार

आज मुद्दाम फूल उजवीकडं ठेवलं. डावा हात अंगावरून ओढत आणला, पण त्यानंच घेतलं! एवढी पक्की! जीवन अकोल्याच्या बाजारात होता, फोन करून सांगितलं. पोरगा माहा हसला — "आई, बाबाची गादी चालवते वाटते माही पोरगी!"

उजवी मूठ तं मिटलेलीच असते. मी म्हणते लक्ष्मी धरून आली, सोडत नाई! आंघोळीले उघडून पाहते — मळ निघते!

तिचा भाऊ शिवम तेरा वर्षांचा, त्याची वेगळीच गंमत. एकाएकी बांबूसारखा वाढला, स्वतःचे हातपाय सापडत नाई त्याले. काल चहाची किटली लाथाडली. "आजी, माहे पायच लांब झाले, मी काय करू!" मागच्या वर्षी हाच माकडासारखा चिंचेवर चढे.

४ डिसेंबर, गुरुवार

रूपाली म्हणते, "आई, ही उजवा हात कावून नाई उचलत?"

म्या म्हटलं, "तुह्या सासऱ्यानं उजव्यानं कधी सुईत दोरा ओवला होता?"

"जेवत तं उजव्यानंच होते!"

सून हाय का वकील! राग आला. भाजीत मीठ दोनदा पडलं.

५ डिसेंबर

रूपाली सोमवारी अमरावतीले नेते, लेकरांच्या डॉक्टरकडं. नेऊ दे. मीही जाईन. पुनीले नवं झबलं काढलं. पिशवीत टपोरा झेंडू घेणार हाय — डॉक्टरीनबाईले धरूनच दाखवते!

८ डिसेंबर, सोमवार

दाखवलं. पुनीनं झटकन डाव्यानं घेतलं. मी म्हटलं, "आजोबावर गेली!"

बाई हसल्या नाई. डावा हात हळूच धरून ठेवला, फूल उजव्यापुढं केलं. मूठ उघडली नाई. "आजी, या वयात दोन्ही हात सारखे चालायला हवेत. एकच चालतो, म्हणजे दुसऱ्यात जोर कमी आहे." उजवा पायही कडक हाय म्हणे. डोक्याचा फोटो काढाचा हाय. रूपालीले म्हणाल्या, लवकर आणलं, बरं केलं.



९ डिसेंबर

बाईनं सांगितलं हाय — रोज थोडा वेळ डावा हात धरून ठेवाचा, फूल उजव्यापुढं. रूपालीच्यानं झालं नाई, तिनं तोंड फिरवलं. मी धरला.

पुनी लय रडली. सोडला नाई.